क्रायचेक की हारहाउस? टेनिसची वाट ठरवताना दोन डच कारकिर्दी शेजारी ठेवून

मुलगा किंवा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, राज्य पातळीवरच्या निकालांत नाव दिसू लागलं, की टेनिसवाल्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसतो. शिक्षण बाजूला ठेवून पूर्णवेळ एकेरीच्या मागे लागायचं, की शिकता शिकता खेळायचं आणि दुहेरीकडेही तितक्याच मन लावून बघायचं? अशा वेळी उदाहरणं दिली जातात ती फेडरर, नदाल, जोकोविच यांची. ती माणसं इतकी वेगळी आहेत की त्यांच्यावरून आपल्या घरातला निर्णय घेता येत नाही. त्यापेक्षा एक पायरी खाली बघावं. तिथे नेदरलँड्सचे दोन निवृत्त खेळाडू सापडतात, आणि त्यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की बऱ्याच गोष्टी लख्ख दिसतात.

एक रिचर्ड क्रायचेक, 1996 चा विम्बल्डन विजेता. दुसरा पॉल हारहाउस, दुहेरीत जगात अव्वल राहिलेला आणि 54 स्पर्धा जिंकलेला. दोघे एकाच काळात खेळले, डेव्हिस चषकात (देशांच्या संघांची स्पर्धा) एकाच देशासाठी उतरले आणि 2003 मध्येच थांबले. पण क्रायचेक थांबला तेव्हा 31 वर्षांचा होता, हारहाउस 37 वर्षांचा. या सहा वर्षांच्या फरकात पुढचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या मुलाच्या हातात एक तरी हुकमी फटका आहे, आणि शरीर तो पेलणारं आहे, त्यानेच क्रायचेकची वाट धरावी. बाकीच्यांनी, म्हणजे बहुतेकांनी, हारहाउसची कारकीर्द नीट अभ्यासावी. आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होतच नाही, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे.

क्रायचेक: सर्व्हिसवर उभी राहिलेली कारकीर्द

डिसेंबर 1971 मध्ये रॉटरडॅमला जन्म, आईवडील चेक. उंची 196 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास साडेसहा फूट. एवढ्या उंचीवरून येणारी सर्व्हिस वेगवान तर असतेच, पण तिचा उसळता कोन समोरच्याला जास्त छळतो. चेंडू खांद्याच्या वर येतो आणि रिटर्न करणाऱ्याला रॅकेट नीट फिरवायलाच जागा मिळत नाही. क्रायचेकने 17 एकेरी स्पर्धा जिंकल्या, मार्च 1999 मध्ये तो जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी पोचला. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारा तो आजवरचा एकमेव डच पुरुष आहे.

पण त्याच्या विम्बल्डनची गोष्ट सरळ नाही. 1994 आणि 1995, दोन्ही वर्षी तो तिथे पहिल्याच फेरीत हरला होता. 1996 ला त्याला मूळ मानांकनच नव्हतं. सातवा मानांकित थॉमस मस्टर दुखापतीमुळे खेळला नाही आणि क्रायचेकला ड्रॉमध्ये, म्हणजे लढतींच्या तक्त्यात, त्याची जागा मिळाली. चौथ्या फेरीत त्याने मायकेल श्टिशला हरवलं. हा श्टिश 1991 चा विजेता. मग उपांत्यपूर्व फेरीत समोर आला पीट सँप्रास, सलग तीन वर्षांचा विजेता.

ती लढत पावसाने तोडलेली होती. निकाल क्रायचेकच्या बाजूने 7–5, 7–6, 6–4. हे आकडे जरा थांबून बघा. फक्त जोरदार सर्व्हिस असणारा खेळाडू आपली सर्व्हिस राखत टायब्रेकपर्यंत (6–6 अशा बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) जातो आणि तिथे नशीब आजमावतो. 7–5 आणि 6–4 असे सेट सँप्रासची सर्व्हिस मोडल्याशिवाय, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकल्याशिवाय, मिळत नाहीत. म्हणजे त्या लढतीत क्रायचेकने रिटर्नही केले, आणि ते हिरवळीवर, सँप्रासच्या अंगणात. 1993 ते 2000 या आठ वर्षांत सँप्रासने विम्बल्डन सात वेळा जिंकलं. मधली एकच हार, ती ही. एकूण हिशेबातही क्रायचेक सँप्रासविरुद्ध 6–4 असा पुढे राहिला, आणि त्या काळातल्या फार कमी खेळाडूंना असं सांगता येतं.

उपांत्य फेरीत जेसन स्टोल्टनबर्ग आणि अंतिम फेरीत मलिवाय वॉशिंग्टन हे दोघेही सरळ सेट्समध्ये हरले. तेव्हा क्रायचेक 24 वर्षांचा होता. हातात हुकमी फटका असला आणि पंधरा दिवस बाकीचा खेळही त्याच्या मदतीला धावून आला, की काय होऊ शकतं याचं हे उदाहरण.

आता नाण्याची दुसरी बाजू. 1992 मध्ये, विशीतच, तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला आणि खांद्याच्या दुखण्यामुळे जिम कुरियरविरुद्ध कोर्टवर उतरूच शकला नाही. पुढे गुडघे, मग कोपर. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर 2001 चं अख्खं वर्ष वाया गेलं. 2002 मध्ये तो विम्बल्डनला परत आला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तिथे झाव्हिए मालिसकडून पाच सेट्समध्ये हरला. पुढच्या वर्षी कारकीर्द संपली.

शिवाय ज्या फटक्यावर सगळी भिस्त, तो फटका चालूनही सामना हातातून जाऊ शकतो. 1999 च्या यूएस ओपनमध्ये येव्गेनी काफेल्निकोव्हविरुद्ध क्रायचेकने 49 बिनतोड सर्व्हिस मारल्या. हरला. त्याने गमावलेले तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. 1998 च्या विम्बल्डन उपांत्य सामन्यात गोरान इव्हानिसेव्हिचविरुद्ध दोन सेट मागे पडून त्याने बरोबरी साधली आणि पाचवा सेट 15–13 असा गमावला. 2000 च्या यूएस ओपनमध्ये सँप्रासविरुद्ध एक सेट जिंकून दुसऱ्याच्या टायब्रेकमध्ये तो 6–2 असा पुढे होता, म्हणजे चार सेट पॉइंट हातात होते. ते गेले, आणि सामनाही गेला. एकेरीतला मोठा खेळाडू या दोन-तीन गुणांच्या काठावर वर्षानुवर्षं जगतो. हे ज्या मुलाला झेपत नाही, त्याला कितीही सर्व्हिस शिकवली तरी उपयोग होत नाही.

हारहाउस: उशिरा निघालेला, लांबवर गेलेला

पॉल हारहाउसचा जन्म फेब्रुवारी 1966, आइंडहोव्हन. जगभरातली हुशार मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी व्यावसायिक होत होती, तेव्हा तो अमेरिकेत कॉलेजला गेला. आधी जॉर्जिया राज्यातलं आर्मस्ट्राँग स्टेट, मग फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ. अर्थशास्त्राची पदवी घेतली, विद्यापीठाच्या संघातून खेळला आणि 1989 मध्ये, तेविसाव्या वर्षी, व्यावसायिक झाला. आपल्याकडे तेविसाव्या वर्षापर्यंत काही झालं नाही तर घरचेच म्हणतात, आता सोड.

त्याच वर्षीच्या यूएस ओपनमध्ये, क्रमवारीत पहिल्या शंभरातही नसलेला हा मुलगा पात्रता फेरीतून मुख्य ड्रॉमध्ये आला आणि दुसऱ्या फेरीत चौथ्या मानांकित जॉन मॅकेन्रोला चार सेट्समध्ये हरवून बसला. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत त्याने अग्रमानांकित बोरिस बेकरला 6–3, 6–4, 6–2 असं सरळ धुऊन काढलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली.

तिथे जिमी कॉनर्सविरुद्ध जे घडलं ते आजही दाखवलं जातं, आणि हारहाउसचा खेळ समजून घ्यायला त्याच्याइतका दुसरा चांगला क्षण नाही. कॉनर्स 39 वर्षांचा, रात्रीची लढत, सगळं स्टेडियम त्याच्या बाजूने. पहिला सेट हारहाउसचा. दुसऱ्यात तो 5–4 ने पुढे, सेट जिंकण्यासाठी सर्व्हिस करतोय. ब्रेक पॉइंटवर, म्हणजे सर्व्हिसचा गेम हातातून जाऊ शकतो अशा गुणावर, तो नेटवर येतो. कॉनर्स बेसलाइनच्या पार मागून उंच लॉब टाकतो, म्हणजे डोक्यावरून जाणारा चेंडू. हारहाउस ओव्हरहेड मारतो, डोक्यावरून खाली जोरदार फटका. पुन्हा लॉब, पुन्हा ओव्हरहेड. असं चार वेळा. पाचव्यांदा कॉनर्स पुढे सरकतो आणि बॅकहँडने चेंडू हारहाउसच्या शेजारून काढतो. लोक उभे राहतात. पुढे टायब्रेक कॉनर्सकडे जातो, मग सामनाही.

सगळे हा पॉइंट कॉनर्सची जिद्द म्हणून बघतात. मी तो हारहाउससाठी बघतो. त्याने चारही वेळा योग्य जागा घेतली, चारही वेळा चेंडूपर्यंत पोचला, एकही चूक केली नाही. फक्त पॉइंट संपवता आला नाही. क्रायचेकच्या हातात असता तर पहिलाच ओव्हरहेड प्रेक्षकांत गेला असता. एकेरीत हारहाउसला पुढे जे मिळालं आणि जे मिळालं नाही, त्याचं कारण या एका पॉइंटमध्ये आहे. क्रमवारीत 1995 साली तो अठराव्या स्थानापर्यंत गेला, एकेरीची एकच स्पर्धा जिंकला, जकार्ता, त्याच वर्षी. जगातल्या पहिल्या विसात येणं ही लहान गोष्ट अजिबात नाही. पण जागा घेणं, पोचणं, चूक न करणं या गुणांचं खरं सोनं झालं ते दुहेरीत.

त्याचा जोडीदार याको एल्टिंग, वयाने चार वर्षांनी लहान आणि एकेरीत स्वतः एकोणिसाव्या स्थानापर्यंत पोचलेला. म्हणजे ही एकेरीत न जमलेल्या दोघांनी नाइलाजाने केलेली जोडी नव्हती. आपल्याकडे दुहेरीबद्दल जो समज आहे, त्याला इथेच तडा जातो. दोघांनी मिळून 1994 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन जिंकली, 1995 मध्ये फ्रेंच. 1994 च्या जानेवारीत हारहाउस दुहेरीच्या क्रमवारीत पहिला आला. राहिलं होतं फक्त विम्बल्डन.

आणि विम्बल्डनवर राज्य होतं ऑस्ट्रेलियाच्या टॉड वुडब्रिज आणि मार्क वुडफर्डचं. 1993 ते 1997 सलग पाच वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये याच जोडीने उपांत्य फेरीत डच जोडीला हरवलं, शेवटचा सेट 18–16. कांस्यपदकही हुकलं. (लिएंडर पेसचं एकेरीतलं कांस्यपदक याच स्पर्धेतलं.) 1997 च्या विम्बल्डन अंतिम फेरीतही तेच. 1998 हे एल्टिंगचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी दोघांनी फ्रेंच ओपन पुन्हा जिंकली आणि विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पुन्हा तेच दोघे समोर आले. निकाल 2–6, 6–4, 7–6, 5–7, 10–8, या वेळी डच जोडीच्या बाजूने. चारही ग्रँड स्लॅम पूर्ण झाल्या.

एल्टिंग निवृत्त झाला तेव्हा हारहाउस 32 वर्षांचा होता. इथे कारकीर्द संपू शकली असती. पण 1999 मध्ये तो अमेरिकेच्या जेरेड पामरबरोबर विम्बल्डनच्या अंतिम फेरीत आला, 2000 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सँडन स्टोलबरोबर फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्हींच्या. म्हणजे 1997 ते 2000 सलग चार विम्बल्डन दुहेरी अंतिम सामन्यांत हारहाउस होता, तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. 1999 चा तो सामना आपल्याला आठवायलाच हवा, कारण पलीकडे पेस आणि महेश भूपती होते. पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावून त्यांनी सामना चार सेट्समध्ये जिंकला. विम्बल्डन पुरुष दुहेरी जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी. त्या विजयाचा आनंद आपण साजरा केला, तेव्हा नेटपलीकडे कोण होतं हे बहुतेकांच्या लक्षातही राहिलं नाही.

2002 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, हारहाउसने काफेल्निकोव्हबरोबर पुन्हा फ्रेंच ओपन जिंकली. ही त्याची सहावी ग्रँड स्लॅम. त्या उन्हाळ्यात क्रायचेक तीस वर्षांचा होता आणि कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतण्याची धडपड करत होता.

आता नेमकं काय ताडून बघायचं

शरीर. हा पहिला आणि निर्दयी मुद्दा. 196 सेंटिमीटर उंची कुणाला शिकवून येत नाही. पण हारहाउसही 188 सेंटिमीटरचा होता, हे विसरू नका. दुहेरी म्हणजे उंचीशिवाय चालतं असं नाही. मात्र दुहेरीत कोर्टाची निम्मी बाजू सांभाळायची असते, पॉइंट लहान असतात आणि शरीरावरचा भार कमी पडतो. पेस सहा फुटांच्या आतला, आणि चाळिशी ओलांडल्यावरही ग्रँड स्लॅम दुहेरी खेळला. रोहन बोपण्णाने 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकली आणि क्रमवारीत पहिला झाला. एकेरीत हे घडत नाही.

पैसा. इथे गोड बोलून चालणार नाही. क्रायचेकची बक्षिसाची कमाई एक कोटी डॉलरच्या घरात गेली. दुहेरीची बक्षिसं एकेरीपेक्षा बरीच कमी असतात आणि ती दोघांत वाटायची असतात. खालच्या पायरीवर तर चित्र अधिक कठीण. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) सर्वांत लहान पुरुष स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना मिळून 15 हजार डॉलर असतात, त्यातला दुहेरीचा वाटा इतका लहान की विमानाचं तिकीटही सुटत नाही. म्हणून ‘एकेरी जमत नाही, तर दुहेरी खेळून पोट भरू’ हा हिशेब सतराव्या वर्षी मांडू नका. हारहाउसने तो मांडलाच नव्हता. तो पदवी घेऊन आला, दोन्ही खेळला, आणि दुहेरीत जग जिंकत असतानाच एकेरीत पहिल्या विसात पोचला.

काळही बदललाय. 1998 चा तो 10–8 चा पाचवा सेट आज होणार नाही. एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीत ड्यूसला, म्हणजे 40–40 बरोबरीला, पुढचा एकच पॉइंट निर्णायक असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. विम्बल्डननेही 2023 पासून पुरुष दुहेरी पाचाऐवजी तीन सेट्सची केली. सामना लहान झाला की मोठी सर्व्हिस आणि धाडसी रिटर्न यांचं वजन वाढतं. म्हणजे आजच्या दुहेरीतही क्रायचेकचा एखादा गुण अंगी असलेला बरा.

स्वभाव. एकेरीचा खेळाडू एकटा हरतो आणि एकटाच हॉटेलवर जातो. क्रायचेकचे ते टायब्रेक आठवा. दुहेरीत चूक वाटून घेता येते, पण जोडीदाराची चूक गिळायलाही यावं लागतं. एल्टिंग, पामर, स्टोल, 2000 च्या ऑलिंपिकमधला डच जोडीदार शाल्केन, काफेल्निकोव्ह, इतक्या निरनिराळ्या माणसांबरोबर हारहाउस जिंकला किंवा पदकाच्या दारापर्यंत गेला, यावरून तो कसा जोडीदार असेल ते कळतं. शाळेच्या संघात तुमचा मुलगा जोडीदाराने सोपी व्हॉली नेटमध्ये मारल्यावर काय करतो, ते बघा. मान हलवतो की रॅकेट पुढे करतो?

निवृत्तीनंतरचं आयुष्य. दोघांचंही उत्तम गेलं, त्यामुळे इथे डावं-उजवं करता येत नाही. क्रायचेक 2004 पासून रॉटरडॅमच्या एटीपी स्पर्धेचा संचालक आहे. 1997 मध्येच त्याने प्रतिष्ठान सुरू केलं, त्यातून डच शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये मुलांसाठी खेळाची मैदानं उभी राहिली. हारहाउस डेव्हिस चषकाचा कर्णधार झाला. 2024 मध्ये मालागाला त्याच्या संघाने स्पेनला हरवलं, नदालचा शेवटचा व्यावसायिक सामना त्याच लढतीतला, आणि पुढे नेदरलँड्स पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला.

तिसरी वाट, जिची भीती वाटावी

आणखी एक डच खेळाडू, मार्टिन व्हेर्कर्क, याचं नावही इथे घ्यायलाच हवं, थोडक्यात का होईना. 2003 च्या आधी त्याने ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या वर्षी फ्रेंच ओपनमध्ये त्याने कार्लोस मोयाला पाच सेट्समध्ये आणि गिलेर्मो कोरियाला सरळ सेट्समध्ये हरवलं, अंतिम फेरीत हुआन कार्लोस फेरेरोकडून हरला. क्रमवारीत चौदावा झाला. पुढच्याच वर्षी खांदा गेला, शस्त्रक्रिया, आजारपण, आणि 2008 मध्ये तिशीतच निवृत्ती. क्रायचेकसारखाच उंच, क्रायचेकसारखीच सर्व्हिस. सर्व्हिसवर उभं राहणाऱ्या मुलाच्या खांद्याची काळजी पंधराव्या वर्षापासून घ्यायची असते, हे सांगायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. दिवसाला किती सर्व्हिस मारतो ते मोजा. फिजिओचा खर्च हा रॅकेटच्या खर्चाइतकाच आवश्यक धरा.

मुलींच्या पालकांसाठी

वरची सगळी नावं पुरुषांची आली. मुलींसाठी नेदरलँड्सच्याच किकी बेर्टेन्सची कारकीर्द बघा. 2016 मध्ये ती फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. तेव्हा तिला फक्त क्ले कोर्टवरची खेळाडू समजत. 2017 मध्ये ती खेळ सोडायच्या विचारात होती. पुढच्याच वर्षी तिने हार्ड कोर्टवर सिनसिनाटी जिंकली, अंतिम फेरीत सिमोना हालेपला हरवून, आणि 2019 मध्ये एकही सेट न गमावता माद्रिद. मे 2019 मध्ये ती जागतिक क्रमवारीत चौथी आली, क्रायचेकने गाठलेलं स्थान. दहा एकेरी स्पर्धा, आणि दुहेरीच्याही तितक्याच. टाचेच्या दुखापतीनंतर 2021 मध्ये, तिशीच्या आधी, ती थांबली. दुहेरी खेळत राहिल्याने एकेरीचं नुकसान होतं असं सांगणाऱ्या प्रशिक्षकाला हे आकडे दाखवायला हरकत नाही.

इथून तिकडे जाणारा रस्ता

हारहाउसची वाट आपल्या मुलांसाठी परकी नाही, आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथून खेळली, आणि हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकून आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून गेला आणि 2024 मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीत एटीपी दुहेरी जिंकला. भूपतीही मिसिसिपी विद्यापीठाचा. बालेवाडीत महाराष्ट्र ओपन सुरू झाली त्या पहिल्या वर्षी, 2018 मध्ये, दुहेरी जिंकली ती रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकोप या डच जोडीने. तो सामना ज्यांनी स्टँडमधून पाहिला, त्यांना डच दुहेरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा निर्णय असा करा. मुलाची सर्व्हिस त्याच्या वयोगटात देशपातळीवर खरोखर वेगळी ठरते का, हे त्याच्या नेहमीच्या प्रशिक्षकाला विचारू नका. बाहेरच्या, त्याला न ओळखणाऱ्या दोघांना विचारा. उत्तर ठाम ‘हो’ आलं, शरीर वाढीच्या वयातून दुखापतीविना बाहेर पडलंय, आणि पुढची चार-पाच वर्षं दौऱ्यांचा खर्च उचलण्याची घरची तयारी आहे, तर पूर्णवेळ एकेरी करून बघायला हरकत नाही. यातली एकही गोष्ट डळमळीत असेल, तर कॉलेजची वाट धरा आणि प्रत्येक स्पर्धेत दुहेरीचीही नोंदणी करा. फक्त एकेरीत लवकर हरल्यावर वेळ घालवायला म्हणून नव्हे, तर ठरलेल्या जोडीदाराबरोबर, सराव करून.

मुलींना या वाटेवर थोडी अधिक जागा होती. अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांत महिला संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, पुरुष संघाला साडेचार. 2025 पासून हे नियम बदललेत, तेव्हा प्रत्येक विद्यापीठाची सध्याची स्थिती स्वतंत्र तपासा. तिथले प्रशिक्षक युनिव्हर्सल टेनिस रेटिंग (सामन्यांच्या निकालांवरून खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) आणि सामन्यांचे न कापलेले व्हिडिओ बघतात. त्यात दुहेरीचा एक पूर्ण सामना जरूर द्या, कारण कॉलेजच्या सांघिक लढतीत दुहेरीचा गुण वेगळा असतो. आणि बारावीनंतर ‘एक वर्ष थांबून बघू’ म्हणून मुलाला स्पर्धा खेळवत बसू नका. त्याने कॉलेजच्या संघातून खेळण्याची पात्रता कमी होऊ शकते. ही तयारी अकरावीच्या सुरुवातीलाच करायची असते, बारावीच्या निकालानंतर नाही.